कुतूहलाचा आलेख कसा वाचावा: विकिपीडियाच्या वाचनसंख्येची सोलापूरकरांसाठी पहिली ओळख

विकिपीडियावरचं कोणतं पान किती वेळा उघडलं गेलं, हे कोणालाही फुकट पाहता येतं. खातं काढावं लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही, इंग्रजीही जेमतेम आलं तरी चालतं. पण पत्रकारिता शिकणारी मुलं, शाळेतले शिक्षक, ग्रंथालयात काम करणारी मंडळी, सोलापूरची माहिती देणारे व्हिडिओ करणारे तरुण यांच्यातल्या फार थोड्यांना ही सोय ठाऊक असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. निवांत बसायला एक संध्याकाळ आणि शक्य असेल तर संगणक, एवढं पुरे. मोबाइलवरही जमतं, फक्त आलेख बारीक दिसतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आलेखातला सगळ्यांत उंच सुळका पाहून लोकांना कशात रस आहे हे ठरवायला जाऊ नका. सुळका येतो बातमीमुळे. बातमी ओसरल्यावर जी रेष उरते तिच्यात खरं कुतूहल दिसतं. आणि जे पान असायला हवं होतं पण नाही, त्याची तर नोंदच होत नाही. सोलापूरसारख्या शहराबद्दल विचार करताना या दोन गोष्टी उंच सुळक्यांपेक्षा कितीतरी जास्त कामाच्या आहेत.

आधी हे कळू द्या: लोकांनी काय टाइप केलं ते आपल्याला दिसत नाही

बोलताना आपण ‘विकिपीडियावरचे सर्वाधिक शोध’ म्हणतो, पण जाहीर होते ती पानं उघडल्याची संख्या. शोधाच्या चौकटीत कोणी काय लिहिलं, ते जाहीर होत नाही, आणि ते योग्यच आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने नावं काढून टाकलेल्या शोधनोंदी संशोधकांसाठी खुल्या केल्या होत्या. त्याच दिवशी त्या मागे घ्याव्या लागल्या, कारण लोकांनी शोधाच्या चौकटीत नकळत स्वतःची खासगी माहितीही टाकलेली होती. तेव्हापासून हा धडा सगळ्यांनी लक्षात ठेवलाय.

याचा आपल्यासाठी अर्थ असा की कोणी ‘हुतात्मा चौकाला हे नाव का’ असं शोधलं आणि त्याला काहीच सापडलं नाही, तर त्या माणसाचं कुतूहल आपल्या आकड्यांत कुठेच येत नाही. पान असेल तरच मोजणी होते. हे डोक्यात पक्कं ठेवून पुढे चला.

पहिला आलेख काढा

साधनाचं नाव ‘पेजव्ह्यूज ॲनालिसिस’. पत्ता पेजव्ह्यूज डॉट डब्ल्यूएमक्लाउड डॉट ऑर्ग. गुगलवर नाव टाकलंत तरी पहिल्या काही दुव्यांत येतं. उघडल्यावर वरच्या भागात काही चौकटी दिसतील.

प्रकल्पाच्या चौकटीत इंग्रजी विकिपीडियाचा पत्ता आधीपासून भरलेला असतो. तो पुसून मराठीचा टाका, म्हणजे सुरुवातीच्या ‘ईएन’च्या जागी ‘एमआर’. नवख्यांचा हमखास गोंधळ इथेच होतो. प्रकल्प बदलला नाही तर मराठी शीर्षक टाकूनही काही सापडत नाही आणि माणूस वैतागून खिडकी बंद करतो.

तारखांच्या चौकटीत सुरुवातीला गेलं एक वर्ष घ्या. या साधनातला सर्वांत जुना आकडा १ जुलै २०१५ चा आहे. त्याच्या मागे ते जात नाही. आजचे आकडे आजच मिळत नाहीत, साधारण एक दिवस उशिरा येतात. ‘प्लॅटफॉर्म’ या चौकटीत डेस्कटॉप, मोबाइल वेब आणि मोबाइल ॲप असे पर्याय आहेत. सध्या ‘सगळे’ असू द्या. ‘एजंट’ या चौकटीत ‘यूजर’ निवडलेलं असतं ते तसंच राहू द्या. याचा अर्थ फक्त माणसांनी उघडलेली पानं मोजायची. इंटरनेटवर फिरणारे यांत्रिक वाचक वेगळे काढलेले असतात.

आता खालच्या चौकटीत ‘सोलापूर’ टाका. रेषा उमटेल. मग ‘पंढरपूर’ टाका, ‘अक्कलकोट’ टाका, ‘बार्शी’ टाका. एका वेळी दहा पानं शेजारी शेजारी पाहता येतात. पहिल्याच बैठकीत दहा टाकू नका, डोळ्यांसमोर नुसता गुंता होतो. तीन पुरेत.

आणखी एक सोय बहुतेकांना माहीत नसते. विकिपीडियाच्या कोणत्याही पानाच्या साधनांमध्ये त्या पानाची माहिती देणारा दुवा असतो. त्यात गेल्या ३० दिवसांत ते पान किती वेळा पाहिलं गेलं, हा आकडा थेट मिळतो. घाईत असाल तर तेवढंही चालेल.

आकडा म्हणजे माणसं नाहीत, आणि दिवस म्हणजे आपला दिवस नाही

एकाच माणसाने सकाळी, दुपारी आणि रात्री पान उघडलं तर तीन मोजले जातात. मोठ्या पानांवर याने फारसं बिघडत नाही. पण मराठी विकिपीडियावरची पुष्कळ पानं रोज मोजकीच माणसं पाहतात. अशा पानावर एखाद्या वर्गातल्या मुलांनी एका तासात गृहपाठासाठी टिचक्या मारल्या की आलेखावर डोंगर उभा राहतो. तुम्ही स्वतः पान दहा वेळा उघडलंत तरी त्यात भर पडते. म्हणून लहान पानांसाठी रोजचे आकडे सोडून ‘मासिक’ पर्याय निवडा.

दिवसाची मोजणी जागतिक प्रमाणवेळेने होते. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे नवा दिवस सुरू होतो. त्यामुळे मध्यरात्री बारा ते साडेपाच या वेळातलं आपलं वाचन आदल्या दिवसाच्या खात्यात जातं. रात्री उशिरा संपलेल्या क्रिकेटच्या सामन्यानंतर लोक पान उघडतात, तेव्हा सुळका नेमका कोणत्या तारखेला दिसेल याचा अंदाज बांधताना हे लागतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: हा आकडा सोलापूरचा नाही. ‘सोलापूर’ हे पान पुण्यात नोकरी करणाऱ्याने उघडलं, दुबईतल्या माणसाने उघडलं की सात रस्त्यावर उभं राहून एखाद्या कॉलेजच्या मुलाने उघडलं, हे या साधनातून कळत नाही. कोणी उघडलं हे उघड होऊ नये अशीच रचना आहे. तेव्हा ‘सोलापूरकरांनी या वर्षी काय वाचलं’ असा मथळा या आकड्यांवरून देऊ नका. ‘मराठी वाचकांनी सोलापूरबद्दल काय वाचलं’ एवढं मात्र छातीठोकपणे म्हणता येतं.

रेषेचे आकार ओळखा

थोडे आलेख पाहिले की काही आकार परत परत भेटतात.

एक सुईसारखा. काल काही नव्हतं, आज आभाळाला टेकलं, आठवड्यात परत जमिनीवर. निधन, पुरस्कार, निकाल, वाद ही त्याची नेहमीची कारणं. इंग्रजी विकिपीडियावर ‘त्या वर्षी निधन झालेल्या व्यक्ती’ हे पान वर्षानुवर्षं सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पानांत वरच्या जागांवर असतं. २०२४ मध्ये ते पहिलंच होतं. कोणी गेल्याचं कळलं की माणूस लगेच त्याच्याबद्दल वाचायला जातो, मग ते सोलापूर असो की शिकागो.

सुईचा सराव करायचा असेल तर रणजितसिंह डिसले गुरुजींचं पान घ्या. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झालं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. पण सुई बघून थांबू नका. पानाचा इतिहास उघडा आणि पान तयार कधी झालं ते पाहा. पान पुरस्कारानंतर तयार झालं असेल तर त्याआधीची रेष शून्य दिसते, आणि ते शून्य ‘रस नव्हता’ असं सांगत नाही, ‘वाचायला काही नव्हतं’ असं सांगतं. मग पुरस्कारानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी रेष किती उंचीवर स्थिरावली ते लिहून घ्या. एखाद्या माणसाबद्दल लोकांच्या मनात काय शिल्लक राहिलं, ते या उरलेल्या उंचीत दिसतं.

दुसरा आकार वार्षिक लाटेचा. जयंत्या, सण, यात्रा, परीक्षा. १९ फेब्रुवारीला छत्रपती शिवाजी महाराज, १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले, ही पानं पाच वर्षांच्या आलेखात टाका आणि त्या त्या तारखांवर बोट ठेवून पाहा. भाषणाची तयारी करणारी मुलं, फलक रंगवणारे कार्यकर्ते, सूत्रसंचालन करणाऱ्या बाई, सगळे या लाटेत असतात. लाट त्या तारखेच्या किती दिवस आधी चढायला लागते, हे मला सगळ्यांत बोलकं वाटतं. आधी चढली तर तयारी, त्याच दिवशी चढली तर आठवण, दुसऱ्या दिवशी चढली तर कोणाच्या तरी भाषणाचा परिणाम.

तिसरा आकार करवतीच्या दातांसारखा. सोमवार ते शुक्रवार वर, शनिवार-रविवार खाली, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत एकदम मंद. हा अभ्यासाचा आकार आहे. विज्ञान, व्याकरण, भूगोल यांची पानं अशी दिसली तर वाचक शाळा-कॉलेजातले आहेत असं खुशाल समजा.

चौथ्या आकाराकडे कोणी पाहत नाही: सपाट, बुटकी, पण कधीच न तुटणारी रेष. तिच्याकडे शेवटी येऊ.

आषाढीचा फास

पंढरपूरच्या वारीचे आकडे पाहणारा नवखा माणूस हमखास जुलै महिन्यांची तुलना करतो. तसं करू नका. आषाढी एकादशी २०२२ मध्ये १० जुलैला होती, २०२३ मध्ये २९ जूनला, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. नुसते जुलैचे आकडे काढले तर २०२३ मध्ये लोकांचा विठ्ठलावरचा जीव कमी झाला असं दिसेल, आणि कारण फक्त पंचांगाचं असेल.

योग्य रीत अशी: एकादशीचा दिवस शून्य धरा, त्याआधीचे २१ दिवस आणि नंतरचे ७ दिवस घ्या. पालख्या देहू-आळंदीहून साधारण तेवढ्याच दिवसांत येतात, म्हणून २१. प्रत्येक वर्षाचा असा तुकडा काढून एकाखाली एक ठेवा. ‘आषाढी एकादशी’, ‘पंढरपूर’, ‘विठ्ठल’, ‘वारकरी संप्रदाय’ ही पानं वेगवेगळी तपासा. सणाच्या पानावर एका दिवसाची गर्दी आणि संप्रदायाच्या पानावर पूर्ण वाटचालीत पसरलेलं वाचन, असा फरक दिसला तर तो दोन प्रकारच्या वाचकांचा फरक आहे. एकाला शुभेच्छा द्यायच्यात, दुसऱ्याला समजून घ्यायचंय.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याला हा त्रास नाही, कारण ती यात्रा संक्रांतीभोवती असते आणि संक्रांत जानेवारीच्या मध्यालाच येते. म्हणून नवख्याने सरावाची सुरुवात गड्ड्यापासून करावी असं मी सुचवेन. नंदीध्वज, अडुसष्ट लिंगं, अक्षता सोहळा, होम मैदानावरची दुकानं: यातल्या कशाकशाला पान आहे आणि कशाला नाही, तेही त्याच वेळी पाहून होतं.

एकच तारीख, चार कुतूहलं

१२ जानेवारी ही तारीख मुद्दाम घ्या, कारण तिच्यावर पूर्ण पद्धत शिकता येते.

या दिवशी १९३१ मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. गांधीजींच्या अटकेनंतर १९३० च्या मे महिन्यात शहर पेटलं, ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस इथे इंग्रजांचा अंमल उरला नव्हता, आणि नंतर मार्शल लॉ लागला. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. पण १२ जानेवारी हाच जिजाऊंचा जन्मदिवस, स्वामी विवेकानंदांचाही जन्मदिवस, आणि गड्ड्याच्या विधींची लगबगही याच सुमाराला सुरू असते.

आता साधनात १ ते २० जानेवारी हा काळ टाका. ‘जिजाबाई’, ‘स्वामी विवेकानंद’ आणि सिद्धेश्वराचं पान टाका. हुतात्म्यांचं, किंवा १९३० च्या मार्शल लॉचं पान मराठीत कोणत्या नावाने आहे ते आधी शोधा, असेल तर तेही टाका. पहिल्या नजरेत राज्यभर वाचली जाणारी पानं एवढी उंच दिसतील की बाकीच्या रेषा तळाला चिकटतील. इथे ‘लॉगरिदमिक स्केल’ नावाचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. मोठे आकडे दाबले जातात आणि लहान रेषांची हालचाल दिसू लागते. मग प्रश्न असा विचारा: प्रत्येक पान आपल्या स्वतःच्या नेहमीच्या उंचीच्या किती पट चढलं? रोज ५ जण पाहत असलेलं पान त्या दिवशी ५० वर गेलं तर ती दहापट वाढ आहे. रोज १००० जण पाहत असलेलं पान ३००० वर गेलं तर तिप्पट. आकडा दुसऱ्याचा मोठा, पण त्या दिवशी जास्त जोराने हाक मारली ती पहिल्याने. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत, खरे तुम्ही काढायचे.)

हीच पटींची रीत स्थानिक विषयांना न्याय देते. मुंबई-पुण्याच्या पानांशी सोलापूरच्या पानांची उंची मोजत बसलात तर हाती फक्त लोकसंख्येचा फरक लागेल.

चार भाषांचं शहर

आपल्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा घराघरांत बोलल्या जातात. पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, हे काही कोणाला सांगायला नको. त्यामुळे एका भाषेचा आलेख पाहून थांबणं सोलापूरकराला शोभत नाही.

याच साधनाच्या वरच्या पट्टीत ‘लँगव्ह्यूज’ नावाचा भाग आहे. त्यात एक पान दिलं की ते जितक्या भाषांत असेल तितक्या भाषांतली वाचनसंख्या एका यादीत येते. ‘सोलापूर’ टाका आणि मराठी, इंग्रजी, हिंदी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा ओळी पाहा. मात्र तेलुगूतला आकडा म्हणजे आपला पूर्व भाग असं म्हणू नका. तेलुगूचे बहुतेक वाचक आंध्र आणि तेलंगणातले. तिथून इथे आलेल्या विणकरांचे नातेवाईक, व्यापारी, तीर्थयात्री, कोणीही असू शकतात.

इंग्रजीची ओळ नीट पाहा. २०२३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर सर्वाधिक वाचलेलं पान ‘चॅटजीपीटी’चं होतं, ४ कोटी ९४ लाखांहून अधिक वेळा उघडलेलं. पण त्याच यादीतल्या पहिल्या दहात चार पानं क्रिकेटची आणि दोन हिंदी चित्रपटांची होती. २०२४ च्या पहिल्या दहातही आयपीएल आणि आपली लोकसभा निवडणूक होती. म्हणजे भारतीय माणूस क्रिकेट, सिनेमा आणि निवडणूक मोठ्या प्रमाणावर इंग्रजी पानांवर वाचतो. मराठी विकिपीडियावर क्रिकेटचं पान थंड दिसलं म्हणून मराठी माणसाला क्रिकेट नको झालं असं होत नाही. त्याने दुसऱ्या दुकानातून माल घेतला, एवढंच.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं पान लँगव्ह्यूजमध्ये घालणं हा माझ्या मते सर्वांत चांगला सराव आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सहभाग, ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच मृत्यू. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. मराठी, इंग्रजी आणि चिनी अशा तिन्ही ओळी काढा आणि १० ऑक्टोबर, ९ डिसेंबर, तसंच चीनमध्ये पूर्वजांच्या समाध्यांना भेट देण्याचा एप्रिलच्या सुरुवातीचा सण, या तीन जागा तपासा. मात्र चिनी आकडा वाचताना एक गोष्ट विसरू नका: २०१९ च्या एप्रिलपासून चीनच्या मुख्य भूमीत विकिपीडियाच्या सर्व भाषा बंद आहेत. चिनी भाषेतला आकडा येतो तो मुख्यतः तैवान, हाँगकाँग आणि परदेशातल्या वाचकांकडून. ज्या देशात कोटणीस शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत, त्या देशाचं कुतूहल या रेषेत जवळजवळ नाहीच. एवढ्या एका उदाहरणावरून आकड्यांची मर्यादा जितकी समजते तितकी दहा व्याख्यानांनी समजत नाही.

खोटे सुळके

काही सुळक्यांमागे माणूस नसतोच. २०२१ च्या सुरुवातीला विकिमीडियाच्या तंत्रज्ञांच्या लक्षात आलं की ॲस्टरच्या एका साध्या फुलाच्या फोटोला रोज सुमारे ९ कोटी मागण्या येतायत, आणि त्या जवळपास सगळ्या भारतातून. शोध घेतल्यावर कळलं की एक लोकप्रिय मोबाइल ॲप चालू होताना प्रत्येक वेळी तो फोटो मागवत होतं आणि वापरणाऱ्याला तो दिसतही नव्हता. भारतात फुलांचं वेड पसरलंय असा लेख कोणी लिहिला असता तर काय झालं असतं पाहा. तसंच इंग्रजीत ‘क्लिओपात्रा’चं पान बराच काळ कारणाशिवाय उंच होतं. एका मोठ्या कंपनीच्या आवाजी मदतनिसाने नमुना प्रश्न म्हणून तिचं नाव सुचवलं होतं आणि लोक नुसतं ते दाबून पाहत होते.

अचानक उंची दिसली की तीन तपासण्या करा. मोबाइल आणि डेस्कटॉपचे आकडे वेगळे काढा. आपल्याकडची खरी गर्दी मोबाइलवरून येते, म्हणून वाढ फक्त डेस्कटॉपची असेल तर संशय घ्या. शेजारच्या पानांकडे पाहा. माणूस एका पानावरून दुसऱ्यावर जातो, यंत्र बहुधा जात नाही. आणि त्या तारखेची बातमी शोधा. तिन्हीकडे काही नसेल तर तो सुळका बाजूला ठेवा.

उलट बाजूही आहे. रेष एकदम शून्यावर आली तर पानाचं नाव बदललं का ते बघा. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झालं आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. अशा वेळी पान नव्या नावावर हलवलं की वाचनसंख्या दोन शीर्षकांत वाटली जाते. ‘शोलापूर’ किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने लिहिलेल्या नावांवरून येणारे वाचकही वेगळे मोजले जातात. पुनर्निर्देशनं, म्हणजे अशा दुसऱ्या नावांवरून मूळ पानाकडे नेणारे दुवे, धरून मोजण्याचा पर्याय साधनात आहे, तो चालू करा.

आणि रेष हळूहळू उतरत असेल तर लगेच लोकांवर ठपका नको. आता गुगल आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं उत्तर वरच्या वर देतात. पान उघडायची गरजच उरत नाही. विकिमीडिया फाउंडेशनने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की माणसांचं वाचन आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी घटलंय. म्हणून एखादं पान उतरलं तर याच साधनातल्या ‘साइटव्ह्यूज’ या भागात पूर्ण मराठी विकिपीडियाचा त्या काळाचा आकडाही पाहा. सगळंच उतरलं असेल तर त्या एका पानाबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

वही ठेवा

पाच रकाने आखा: पान, काळ, नेहमीची उंची, सर्वांत उंच दिवस, संभाव्य कारण. कारणाच्या रकान्यात ‘बातमी सापडली’ आणि ‘माझा अंदाज’ हे वेगळं लिहा. हे वेगळेपण पाळलं तर पुढे लेख लिहिताना किंवा वर्गात बोलताना पाय घसरत नाही. आकडे साधनातून थेट उतरवून घेता येतात, तरी कारण हाताने लिहिलेलं बरं, कारण तेवढा वेळ डोकं चालतं. महिनाभर आठवड्यातून एकदा याच साधनातला ‘टॉपव्ह्यूज’ हा भाग उघडून मराठी विकिपीडियाची सर्वाधिक वाचलेली पानंही चाळा. कोणती नावं कायमची आहेत आणि कोणती पाहुणी, हे चारेक खेपांत आपोआप कळायला लागतं.

बुटकी रेष आणि नसलेलं पान

आता त्या चौथ्या आकाराकडे. सोलापुरी चादरीचं, उजनी धरणाचं, नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं, मंगळवेढ्याच्या ज्वारीचं, बार्शी लाइट रेल्वेचं, भुईकोट किल्ल्याचं पान मराठीत आहे का, ते बघा. असेल तर दोन-तीन वर्षांचा मासिक आलेख काढा. बातमी नाही, सण नाही, तरीही महिन्याला ठरावीक माणसं येतायत असं दिसलं तर हे वाचक सर्वांत मोलाचे. त्यांना कोणी ढकललेलं नाही, ते स्वतःहून आलेत. मग त्याच पानावर जाऊन पाहा की त्यांना मिळतंय काय. चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे तिथे आहे का? मागावर ती कशी विणली जाते, नक्षी कशी उठते, गिरण्या कधी बंद पडल्या, कामगार कुठे गेले? बऱ्याच ठिकाणी दोन-चार ओळी आणि एक फोटो एवढंच असतं. वाचक वर्षानुवर्षं येतो आणि रिकाम्या हाताने जातो, आणि आकड्यात मात्र ‘एक वाचन’ म्हणून नोंद होते.

नसलेल्या पानांची यादी करायला साधन नाही, ती आपणच करायची. लँगव्ह्यूजमध्ये जे पान इंग्रजीत आहे आणि मराठीत नाही, ते पहिलं लिहा. नंतर आजूबाजूला विचारा. शाळेतल्या मुलांना, रिक्षावाल्या काकांना, ग्रंथालयात येणाऱ्या आजोबांना विचारा की सोलापूरबद्दल तुम्ही इंटरनेटवर काय शोधलं आणि सापडलं नाही. कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीपासून ते गिरणीच्या भोंग्यापर्यंत उत्तरं येतील. ती उत्तरं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

यादीतून एकच विषय निवडा: ज्याची रेष बुटकी पण अखंड आहे आणि ज्याचा मजकूर तोकडा आहे असा. मराठी विकिपीडियावर खातं काढा. शहरातल्या जुन्या ग्रंथालयांपैकी कुठेतरी जाऊन त्या विषयावरची छापील पुस्तकं, गॅझेटियर, जुने अंक काढा आणि प्रत्येक वाक्याला संदर्भ देत चार परिच्छेद लिहा. ऐकीव गोष्टी कितीही गोड असल्या तरी घालू नका, त्या काढल्या जातात. मजकूर टाकलेली तारीख वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी परत मासिक आलेख काढा. वाचनसंख्या तेवढीच राहिली तरी हरकत नाही. तुमचा परिच्छेद त्या सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेलेला असेल. वाढली असेल तर वहीतल्या कारणाच्या रकान्यात ‘माझा अंदाज’ याखालीच लिहा, आणि यादीतला पुढचा विषय घ्या.